आमच्या घरात एक दिवस कोणी ओरडलं नाही

दिवाळीच्या आधीचा एक मंगळवार... कोल्हापुरात आमच्या घरात सकाळपासून कोणी ओरडलं नाही. दुपार व्हायच्या आत गल्लीत बातमी पसरली की आमच्याकडे कुणीतरी वारलं.

झालं असं... लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची खोली रिकामी पडली. त्याच सुमाराला इथलं एक कॉलेज, फिनलंडहून एका सेमिस्टरसाठी येणाऱ्या मुलींना ठेवून घेणारी घरं शोधत होतं. नवरा म्हणाला, "घे की एक पोरगी!" जणू मांजराचं पिल्लूच आणायचं होतं.

अशी आयनो आमच्याकडे आली. उंच, गोरीपान, आणि बोलायची इतकं हळू की सासूबाईंना वाटलं हिचा घसा बसलाय. त्यांनी तिला आठवडाभर हळद घालून दूध पाजलं.

आता आमच्याबद्दल. नवऱ्याचं शाहूपुरीत मोटरपंपाच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. शंभरेक किलोमीटरवरच्या चंदगडच्या गिऱ्हाइकाशी तो असा बोलतो की फोनवर उगाच खर्च कशाला, असं वाटावं. सासूबाई त्याच्या वरताण, अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणते. आणि मी शाळेत शिकवते... मला माइक लागत नाही.

रोज जेवताना आयनोवरून जुंपायची.
"वाढ की तिला आनि एक भाकरी!"
"आक्का, ती नको म्हणतीया!"
"नको म्हटल्यावर वाढायची न्हाई व्हय? पावण्यानं नको म्हणायचं, आपण वाढायचं... रीत हाय ती!"

यात भांडण कुठे आहे सांगा? आमच्याकडे याला जेवण म्हणतात.

पण आयनोला मराठी यायचं जेमतेम 'पाणी' आणि 'बास'. तिला ऐकू जायचं ते नुसतं ओरडणं, आणि त्यात सारखं स्वतःचं नाव. बिचारीने दोन महिने सोसलं. मग एक दिवस कॉलेजच्या मॅडमना मेसेज केला... माणसं फार चांगली आहेत, पण माझ्यामुळे दिवसभर भांडतात, मी दुसरीकडे जाऊ का?

मॅडमचा मला फोन. घरात ताण असेल तर मुलीला हलवावं लागतं म्हणाल्या, मंगळवारी स्वतः येऊन बघते.

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू... पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते पोर जाणार याचं. आक्का रोज संध्याकाळी तिला पुढ्यात बसवून तेल लावायच्या, वेणी घालायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "न्हेत्यात व्हय पोरीला?" आणि पदर डोळ्यांना लावला.

मग ठरलं. मंगळवारी दुकान बंद ठेवायचं आणि सगळ्यांनी हळू बोलायचं.

हळू बोलायला लागलं की आपोआप पुस्तकी मराठी येतं, हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी नवरा म्हणाला, "आई, आपण चहा घेणार का?" आक्कांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढे मात्र कोणी चुकलं नाही. कुजबुजत नाश्ता झाला, खुणांनी साखर मागितली गेली. आयनो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग उठून खोलीत गेली.

थोड्या वेळाने मॅडम आल्या... नेमक्या पांढऱ्या साडीत. समोरच्या पाटीलवहिनी खिडकीतून सगळं बघत होत्या. दुकान बंद, घर गप्प, दारात पांढऱ्या साडीतली बाई... त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून थर्मासभर चहा घेऊन आल्या, मागून गल्लीतली माणसं.

एका काकांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आक्का कवा गेल्या वो?"

आक्का आत कांदा चिरत होत्या. विळी सोडून तशाच बाहेर आल्या. "कोन गेलंय? मी हाय की हितं! जित्या माणसाला पोचवाय आलाय व्हय रं?"

सकाळपासून दाबून ठेवलेला आवाज एकदम सुटला. मग नवरा ओरडला, मी ओरडले, पाटीलवहिनी तर थर्मास छातीशी धरून ओरडल्या. मॅडम भिंतीला टेकल्या होत्या. मी मनात म्हटलं, झालं... गेली आपली पोर.

तेवढ्यात आयनो खोलीतून पळत आली. डोळे रडून लाल. तिने आक्कांना घट्ट मिठी मारली आणि मॅडमना इंग्रजीत भडाभडा सांगायला लागली... रोज ओरडणारी माणसं आज एकदम गप्प झाली, म्हणजे माझ्यावर कायमची रागावली असं मला वाटलं. यापेक्षा ते ओरडणं बरं होतं. मी कुठे जाणार नाही.

मग आक्कांकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, "वाढ की!"

रोज कानावर पडून पडून पाठ झालेलं. मयताला आलेली माणसं पोट धरून हसली. मॅडमनाही जेवायला बसवलं. त्या दोनदा नको म्हणाल्या, म्हणून त्यांना दोन भाकऱ्या जास्तीच्या पडल्या.

सेमिस्टर संपल्यावर आयनो परत गेली. काल तिच्या आईचा मेसेज आला... लेक घरी आल्यापासून खूप मोठ्याने बोलते, जेवताना सगळ्यांच्या ताटात जबरदस्तीने वाढते, तिचे वडील घाबरलेत. भारतात काही बिनसलं होतं का?

वाचून आधी हसले आणि मग रडले. इतक्या लांब, एका गप्प घरात, आपलं घर कुणीतरी जपून ठेवलंय याचं फार बरं वाटलं.

उत्तर आक्कांनी सांगितलं, मी फक्त त्याचं इंग्रजी करून पाठवलं. "पोरगी वरडतीया म्हंजी बरी हाय. गप बसली, तर मातुर लगीच फोन करा."