पाया पडून घातलेली लाथ

मी माझ्या सासऱ्यांच्या कमरेत लाथ घातली. घालण्याआधी त्यांच्या पाया पडले, एवढंच काय ते माझं शहाणपण.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं, ते माझे पाय आधी आले. (लोकांना तोंड दाखवायची लाज मला तेव्हापासूनच!) पायाळू माणसानं लाथ मारली की कमरेत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे सगळे मानतात. शाळा चौथीपर्यंत, रंग सावळा, बोलणं जवळजवळ नाहीच. त्यामुळे बघायला आलेल्या पाहुण्यांना आईनं माझा हा एकच गुण सांगितला. लग्न होऊन उदगीरला आले, तर आठ दिवसांत दारात माणसं वाकून उभी! मी पदर ओढायची, भिंतीकडे तोंड करायची आणि कोंबडी हाकलावी तेवढ्या जोरानं पाय लावायची. माणसं "हलकं वाटलं" म्हणत जायची. चार दिवसांत ती तशीही बरी झाली असती, हे मला फार उशिरा कळलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. चाळीस वर्षं त्यांच्या पाठीनं पोती वाहिली. "पोत्यालाच माझ्या पाठीचं भ्या वाटतंय," असं म्हणायचे. एका सकाळी तुरीचं पोतं उतरवताना ती पाठ कटकन वाजली. दोघांनी धरून आणलं आणि बाजेवर टाकलं.

शेजारच्या गयाकाकू धावतच आल्या.

"घरात पायाळू असून मानूस कण्हून ऱ्हायलंय? मार गं लाथ!"

"काकू, सासरे आहेत माझे."

"मंग? सासऱ्याला कंबर नसती का?"

शेवटी बाजेवरून मामाच बोलले, "मार पोरी. वर गेल्यावर मी सांगतो, मीच मार म्हणलो व्हतो म्हणून."

बघता बघता अर्धी गल्ली जमली. मामांना उंबऱ्यावर ओणवं उभं केलं. मी पाया पडले आणि पाय लावला.

"लागलीच न्हाई!" गल्ली म्हणाली.

पुन्हा पाया पडले, पुन्हा लावला.

"आगं, सासुरवासाची समदी कसर काढ की!" काकू ओरडल्या. (सासुरवास काय तो मला माहीतच नव्हता. सासूबाई लग्नाआधीच वारलेल्या, आणि मामांनी कधी आवाज चढवला नाही.) तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि घातली.

मामा उंबऱ्याबाहेर पालथे पडले. सगळे हसले. मामाही हसले. मग मान वळवून म्हणाले, "माझा डावा पाय कुठं हाय?"

पाय जागेवरच होता. त्यांना तो कळत नव्हता. काकूंनी चिमटा काढून पाहिला आणि निकाल दिला, "उसण पायातून निघून ऱ्हायली. सकाळपस्तोर मोकळा व्हईल." आमच्या ह्यांनाही ते पटलं.

आदल्या दुपारी मामांसाठी बाजेखाली ठेवलेला डबा मी सकाळी बाहेर ओतायला घेतला, तर तो कोरडा. आदल्या दिवशी दोनदा चहा झालेला, तांब्याभर पाणी झालेलं, आणि डब्यात थेंब नाही. मामांचं पोट फुगलेलं. ते सुनेला सांगेनात आणि मी नवऱ्याला सांगेना.

"अहो, मामांचं..."

"काय मामांचं?"

"काही नाही. भाकरी वाढू?"

दुपारपर्यंत मी ह्यांना तीनदा हाक मारली आणि तीनदा भाकरीचं विचारलं. तिसऱ्यांदा ते चिडले, "आगं, किती भाकरी खाऊ मी?" तेवढ्यात मामा कण्हले, "उजवा बी गेला रे." मग कुठे रिक्षा आली.

डॉक्टरांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. कमरेत पाच मणके, उतरंडीसारखे एकावर एक. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी. मामांची गादी फुटून मागच्या नसांवर बसली होती, आणि पायांच्या, लघवीच्या सगळ्या नसा तिथूनच जातात.

"लघवी कधीपासून बंद आहे?"

"चालू असंल की," हे म्हणाले.

मामा छताकडे बघायला लागले. मी पदरातून म्हणाले, "काल दुपारपासून."

डॉक्टरांचा पेन थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

मी मान डोलावली. लाथेचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "गादी पोत्यानंच फुटली असेल. बाकीचं लाथेनं केलं का, ते मला सांगता येणार नाही. पण बाई, यात एकेक तास मोलाचा असतो. आत्ता लातूरला निघा."

लातूरला जाईपर्यंत गाडीत मी मामांचे पाय धरून बसले होते. त्यांना ते कळत नव्हतं. अर्ध्या गल्लीसमोर सासऱ्याला तीन लाथा घालून जी मेली नाही, ती एका शब्दासाठी अर्धा दिवस लाजत बसली होती!

ऑपरेशन झालं. उजवा पाय परत आला, काही महिन्यांनी लघवीची नळीही निघाली. डावं पाऊल मात्र उचललं नाही ते नाहीच. मोंढा सुटला. आता मामा काठी घेऊन उंबऱ्यात बसतात आणि कुणी वाकून आलं की काठी उगारतात, "आधी डाक्टर! पायाळूचं दुकान बंद हाय!"

परवा नळावरून आणलेला हंडा उतरवताना माझ्याच कमरेत चमक भरली. मी दारातच बसले. मामा पाऊल ओढत आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"सूनबाई, तीन लाथा द्यायच्या ऱ्हायल्यात तुला," ते म्हणाले. "पर काय करू, पाऊलच उचलत न्हाई."

मला हसू येईना आणि रडूही. तेवढ्यात हे रस्त्यावरूनच ओरडले, "काय झालं गं?"

या वेळी मी लाजले नाही. होता नव्हता तेवढा आवाज काढून सांगितलं, "कंबर धरली! दोन्ही पाय कळतात! आणि लघवी सकाळपासून तीनदा झाली!"

समोरच्या नळावर अख्खी गल्ली पाणी भरत होती. तेव्हापासून मला बायका भेटल्या की "जेवलीस का" असं विचारत नाहीत. दुसरंच विचारतात.