आज जेवायला काय होतं?

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझ्या यजमानांनी बदलापुरात आमच्या घरी कॉम्प्युटर घेतला आणि मराठी लोकांच्या एका संकेतस्थळाचे ते सभासद झाले. तिथे एका पानावर देशोदेशीचे लोक आज जेवायला काय होतं ते लिहीत. यजमान रोज लिहायचे. माझ्या काळ्या वाटाण्याच्या आमटीला मी कधी न पाहिलेल्या गावांतून दाद यायची.

मी मागे खुर्ची ओढून नुसती वाचायची. उल्हासनगरच्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळत आयुष्य गेलं. दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचायची सवय. आपली एक ओळ अनोळखी माणसांपुढे ठेवायची म्हटलं की धीर व्हायचा नाही.

"लिही की एकदा," ते म्हणायचे. "लोकांना वाटतं, मी तुला कोंडून ठेवलंय."

तुम्ही लिहिताय तेवढं पुरे आहे, असं म्हणून मी उठायची.

एका सकाळी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता ते खाली बसले. उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी वांगणीहून आलेले दीर बाहेरच्या खोलीत आडवे झाले होते. नातेवाइकांना त्यांनीच कळवलं होतं. पण त्या पानावरच्या माणसांबद्दल घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना सांगायचं तर मलाच लिहावं लागणार होतं.

मी कॉम्प्युटर लावला. पान उघडलं ते यजमानांच्याच नावाने. हजर सभासदांत त्यांचं नाव सगळ्यांना दिसतं, याचं भान मला राहिलं नाही.

लगेच ओळी येऊ लागल्या. कुठे दडी मारली होती, असं एकाने विचारलं. वहिनींनी उपाशी ठेवलेलं दिसतंय, असं दुसऱ्याने लिहिलं. परदेशातल्या एक बाई होत्या, यजमान त्यांना ताई म्हणायचे. त्यांनी लिहिलं, "दादा, पान सुनं होतं तुमच्याविना. आज जेवायला काय होतं?"

एकेक अक्षर शोधत मी 'यांचं' एवढं लिहिलं. पुढचा शब्द लिहवेना. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तोवर आणखी कुणीतरी आनंदाने स्वागत करून गेलं. त्यांना थांबवायला हवं होतं आणि थांबवण्याइतकी बोटं चालत नव्हती. शेवटी विचारलं होतं त्याचंच उत्तर मी दिलं.

"पिठलं-भात. शेजाऱ्यांनी आणून दिला. आमच्या घरी अजून चूल पेटवायची नाही."

ही माझी पहिली ओळ. तीही त्यांच्या नावाखाली उमटली.

शेजारचा पिठलं-भात कोणत्या घरात येतो, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. बऱ्याच वेळाने ताईंची ओळ आली.

"वहिनी, तुम्ही आहात का?"

"हो."

"सावकाश लिहा. आम्ही इथेच आहोत."

मला सगळं सांगायचं होतं. ती सकाळ, ती पिशवी, ओट्याला धरलेला त्यांचा हात. इतकी वर्षं अडलेलं आता अडत नव्हतं. पण भारनियमनाची वेळ होत आली होती, आणि कॉम्प्युटर बंद पडला की हजर असलेल्यांतून त्यांचं नावही जाणार होतं. मी घाईने अक्षरं शोधू लागले.

'दूध' एवढं लिहून झालं होतं, तेव्हा डोक्यावरचा पंखा थांबला.