पाकोचा शर्ट आणि पुदिन्याची कुंडी

आमची नात सई म्हणाली, "आजी, फोनवर तासभर सांगतेस त्यापेक्षा लिहून काढ. ब्लॉग मी लावून देते." मी चौथी शिकलेली, पण हात चालतो अजून. ज्यांची मुलं सौदीत आहेत नि ज्यांना फिरायची हौस आहे, त्यांच्यासाठी लिहितेय.

माझा मुलगा विवेक, म्हणजे सईचा बाबा, रियाधला इंजिनियर. मे महिन्यात मी त्याच्याकडे होते. तो म्हणाला, "आई, तू, मी नि सई, पाकोकडे समुद्रावर जायचं का दोन दिवस?" मी पेणची बाई, महिनाभर वाळू बघून डोळे कोरडे पडलेले. त्याचं वाक्य संपायच्या आत माझ्या पायात चपला!

पाको हा विवेकचा स्पॅनिश मित्र. रेल्वेच्या कामाला आला आणि किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत राहिला. नाव एवढं लांब, म्हणून सगळे इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्या गावाला 'केक' म्हणतात. रियाधहून जेद्दा विमानाने पावणेदोन तास, मग विमानतळावरूनच ट्रेन. तिकीट फोनवर आधी काढून ठेवा आणि पासपोर्ट हाताशी असू द्या. माझा लाडवांच्या डब्याखाली होता. सगळे लाडू बाहेर काढले, तपासणाऱ्या मुलीने एक खाल्ला नि हसून आत सोडलं. कॉफी पंधरा रियाल, म्हणजे साडेतीनशे रुपये! थर्मास न्या बायांनो. गाडी अशी पळते की कपातला चहा हलत नाही.

शुक्रवारी पाकोने मासे भाजले आणि त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबाची गोष्ट काढली. तो इंग्रजीत सांगे, सई मला मराठीत. गाव मिठागरांचं, अगदी आमच्या पेणसारखं! मीठ ओढणाऱ्यांनीच क्लब काढला, म्हणून शर्ट पांढरा. मैदान खाडीला लागून, चेंडू पाण्यात गेला की काढायला एक म्हातारा होडी घेऊन बसलेला. एकदाच, पाकोचे आजोबा खेळत होते तेव्हा, क्लब वरच्या गटात चढला आणि वर्षभरात खाली आला. पुढे क्लब बंद पडायची वेळ आली, तर गावातल्या बायकांनी कोळंबीचं जेवण घालून तो जगवला. मी म्हटलं, "बायका नसत्या तर चेंडूही राहिला नसता." पाको म्हणाला, "आजी, उद्या यंदाची शेवटची मॅच. हरलो तर आणखी खाली."

शनिवारी सकाळी पाको नि विवेक पोहायला गेले, सई झोपलेली. बाल्कनीतल्या खुर्चीवर एक पांढरा शर्ट, पुढून सगळा चिखलाने माखलेला. म्हटलं, एकटा जीव, कोण धुणार याचं? बादलीत भिजवला. पहिलं पाणी साबणाशिवायचं, ते कधी फेकायचं नाही, पुदिन्याच्या कुंडीत ओतलं. मग घासला. तिकडचं ऊन असं, की तासाभरात वाळून इस्त्रीसुद्धा झाली.

पाको आला नि दारातच थांबला. ओला टॉवेल हातातून गळला. सई पुटपुटली, "ओ गॉड, आजी, व्हॉट डिड यू डू?" तो आजोबांचा शर्ट! क्लब वर चढला त्या मॅचचा चिखल. कुणी कधी धुतला नव्हता. मॅच असली की पाको तो टीव्हीच्या वर टांगायचा, म्हणून वारा लागायला बाहेर काढलेला.

"आई, तुला कुणी सांगितलं होतं गं?" विवेकचा चेहरा एवढासा झाला. मला तर बादलीतच तोंड घालावंसं वाटलं. मी पाकोला हात जोडले. त्याने रिकाम्या बादलीत डोकावून बघितलं. मग हळूच त्याने विचारलं, "पाणी कुठे टाकलंत?"

मी कुंडी दाखवली.

त्याने कुंडी बाळासारखी उचलली, टीव्हीसमोर ठेवली नि शर्ट तिच्याभोवती गुंडाळला. "खलास. आता हीच क्लब," म्हणाला. हसला नाही. मी वड्यांना पुदिना मागितला तर म्हणे, "एक पान तोडायचं नाही!"

मॅच दुपारची. बरोबरी पुरेशी होती. मला फुटबॉल कळत नाही, पण दीड तास मी कुंडीकडे बघत राम राम म्हणत होते. शून्य-शून्य! वाचलो! पाकोने मला उचलून गोल फिरवलं, माझे गुडघे कुरकुरले.

तेवढ्यात त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल. पाकोने शर्ट दाखवला आणि माझा गुन्हा सांगितला. म्हातारी हसायला लागली ती थांबेचना. तिला बघून सई पोट धरून पडली. मग म्हातारीने सांगितलं, पाकोने ते इंग्रजीत केलं नि सईने मराठीत: पाकोच्या आजीने तो शर्ट मॅचच्या संध्याकाळीच धुतला होता! पुढे आजोबा तोच घालून बटाटे काढायचे. तो चिखल बटाट्याचा.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" पाको ओरडला.

"तू इतका रंगून सांगायचास. कोण मोडणार?"

पाकोने कुंडीवरचा शर्ट सोडवून बाजूला ठेवला. मग उठला नि स्वतः मूठभर पुदिना खुडून माझ्या हातात दिला. "यल्ला आजी, चटणी!" यल्ला म्हणजे तिकडच्या अरबीत 'चला'.

एक सांगते, तिकडे मे महिन्यात जाऊ नका, डोकं तापतं. थंडीत जा.

आता मी पेणला. शनिवार आला की सईला विचारते, आपले जिंकले का? बहुतेक वेळा नाही. पण परवा पाकोने फोटो पाठवला. शर्ट टीव्हीवर टांगलेला, पांढराफेक, आणि पोटावर हिरव्या चटणीचा एक डाग. खाली सईकडून मराठीत लिहून घेतलेलं: "आजी, हा डाग धुवायचा नाही."