घाटासाठी नरसाळं

माझं सासर पोलादपूरचं आणि माहेर घाट चढून वर, महाबळेश्वरला. आमच्या ह्यांची भाड्याने चालणारी एक जुनी मोटार होती. सपाटीला ती शहाण्यासारखी चाले, पण आंबेनळी घाटात तिला धाप लागायची. सगळ्यात खड्या वळणावर उतारूंनी खाली उतरून चालायचं, हे ठरलेलंच.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पहिल्या बाळंतपणासाठी आठव्या महिन्यात मला माहेरी न्यायचं ठरलं, तेव्हा हे म्हणाले, "ह्या टायमाला तुला घाटात उतरवणार नाय."

त्यांचं म्हणणं असं, की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं म्हणून दमतं. त्याला समोरचा गार वारा पाजला तर ते जोर धरेल. महाडला जाऊन त्यांनी रॉकेलच्या डब्याचं मोठं नरसाळं करून आणलं, मोटारीच्या नाकाशी बसवलं आणि जुन्या ट्यूबने कार्बोरेटरच्या तोंडाला जोडलं. नारळही फोडला. मला हसू आवरेना, तर रुसून नरसाळंच पुसत बसले.

आम्ही निघालो ते दिवस नाचणीच्या मळणीचे. चाकांखाली दाणे सुटावेत म्हणून लोक कणसं रस्त्यावरच पसरत, आणि मोटारवाल्याने त्यावरून जायचं हा शेजारधर्म. घाटाखाली ओळखीच्या एका म्हातारीने हात केला, "दोन फेरे मार रे बाबा!" ह्यांनी चार मारले. नरसाळ्याने पोटभर कोंडा गिळला आणि पुढच्याच चढावर मोटार खोकत बंद पडली.

"बाळंतपणाला निघालोय की मळणीला?" मी फणकारले. कार्बोरेटर सोडवून फुंकर मारता मारता हे सारखे वळून मी ठीक आहे ना ते बघत होते. ते पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. बाळासाठी जुन्या साडीचे मऊ तुकडे मी बरोबर घेतले होते. त्यातला एक काढून नरसाळ्याच्या तोंडाला बांधला. म्हटलं, "आता हवा जाईल, कोंडा नाही जाणार."

खडं वळण आलं. मोटार माणसाच्या चालीने चढत होती. एवढ्या वेगाला कसला वारा भरणार नरसाळ्यात, असं मनात आलं, पण बोलले नाही. हे मोटारीला चुचकारत होते, "चल गो, चल." मी मात्र दोन्ही हातांनी सीट दाबून, अंग अर्धवट उचलून बसले होते, जणू त्याने मोटारीचं ओझं कमी होणार होतं.

आणि चढली की! ह्यांनी सरळ डोळे पुसले. "बघितलंस? गार हवेची करामत हाय ही!"

दारात पोचल्यावर माझी ट्रंक काढायला वडिलांनी डिकी उघडली आणि तसेच उभे राहिले. आत ट्रंकेशिवाय काही नव्हतं. जॅक नाही, जादा चाक नाही.

"जावईबापू, स्टेपनी कुठाय?"

"घरी ठेवली, मामा."

"घाटात स्टेपनीशिवाय आलात? हिला घेऊन?"

ह्यांनी मान खाली घातली.

"वजन कमी केलं," ते हळूच म्हणाले. "गार हवेवर माझा तेवढा भरवसा नव्हता."