नाल्यावरचा भूगोल

मास्तरकी सुटली तरी मास्तरकीचे किस्से सुटत नाहीत. आम्ही चार म्हातारे मास्तर पानाचा डबा उघडून बसलो की एकातून दुसरा निघतोच. बाकीचे हसतात. मला अजून संताप येतो!

इंग्रजी अमदानीत मंगरूळपीरकडच्या एका खेड्यात मी भूगोल शिकवायचो. पोरांना नाल्यावर न्यायचो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. "असं का?" एवढंच विचारायचो आणि गप्प बसायचो. पोरंच उकरून, भांडून उत्तर काढायची.

परत आलो की गणिताचे मास्तर दारातच उभे! "आणली का जनावरं चारून?"

*

माझ्या वर्गातल्या संपतचा बाप माळी, वांगी-मिरची पिकवणारा. एक दिवस तरातरा शाळेत आला.

"मास्तर, माती उकरायलेच लावाचं होतं तं माहा मळा काय वाईट होता? पोराचे हात मातीतून निघावे म्हून त्याले तुमच्या हवाली केलं नं!"

त्याचंही खोटं नव्हतं.

*

सहामाहीत प्रश्न आला, नदी काठ कसा कोरते? संपतने नाल्याच्या वळणावर पाहिलेलं लिहिलं. बाहेरचा काठ ढासळतो, आतल्या बाजूला वाळू साचते. हेडमास्तरांनी भोपळा दिला!

"पुस्तकात नाही," म्हणाले.

"खरं आहे पण. चला, दाखवतो."

"मी भूगोल तपासतो मास्तर, नाला नाही!"

*

मग शाळाखात्याचे डिप्टी इन्स्पेक्टर आले तपासणीला. "काळ्या मातीखाली काय असतं?"

संपत उत्साहाने उठला. "चला नं सायेब, नाल्यावर दाखवतो तुमाले!"

डिप्टींच्या पायात नवे बूट. शेरा पडला, 'मुलांचे पाठांतर नाही.' दुसऱ्या दिवसापासून नाला बंद. हेडमास्तर म्हणाले, "तुमचा जीव नाल्यात आहे, आमची ग्रँट शेऱ्यात आहे." नोकरी सोडावीशी वाटली. घरी पाच तोंडं होती, सोडली नाही.

*

पुढच्या वर्षी वर्गात काचेचं कपाट आलं. हेडमास्तरांनी शिपायाला पाठवून त्याच नाल्यातले दगड आणवले, धुतले, चिठ्ठ्या डकवल्या, कुलूप घातलं. पोरांनी हात लावायचा नाही!

डिप्टी कपाट पाहून खूश. शेरा लिहिता लिहिता त्यांनी संपतला विचारलं, "हा काळा दगड कुठे सापडतो?"

संपत हाताची घडी घालून उभा राहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कपाटात, साहेब."

डिप्टी मान वर न करता म्हणाले, "शाब्बास!"