कुरड्यांचा डबा परदेशी निघाला

सत्तरच्या दशकात परदेशातल्या एका संग्रहालयानं आमच्या नागपुरातल्या शाळेशी दोस्ती केली. तिकडून रंगीत स्लाइड आल्या. खिडक्यांना सतरंज्या लावून चित्रकलेच्या बाईंनी आम्हांला त्या भिंतीवर दाखवल्या. म्हणे पॉप आर्ट! बघतो तर काय, दुकानातले डबे आणि बाटल्या, भिंतभर मोठ्या. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बाई, हे त आमच्या लकडगंजातलं किराणा दुकान हाय!"

"मग तेच करा," बाई म्हणाल्या. "घरातली रोजची वस्तू. सगळ्यांत चांगली चार कामं तिकडच्या प्रदर्शनात जातील."

ओरडणारी पोरगी आमच्या वर्गातली, लकडगंजातल्या लाकूड व्यापाऱ्याची. तिनं घरचा तुपाचा रिकामा डबा उचलला. त्यावर तोच डबा रंगवला, त्या डब्यावर पुन्हा तोच, असं करत करत शेवटचा डबा मोहरीएवढा. पिवळा रंग तर असा की बघून डोळे दिपावे! मी स्वतः आमच्या घरची कपबशी रंगवली होती. ती कोणी ओळखलीही नाही. एकानं तिला कासव म्हटलं. त्या पोरीचा डबा मात्र चारांत निवडला गेला. आठवडाभर ती जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती.

पार्सल बांधायच्या दिवशी तिची आई स्वतः डबा घेऊन शाळेत आली. बाईंनी झाकण उघडलं. आत गच्च कुरड्या!

"अहो, हे खाण्याचं नाही चालत पार्सलात. काढा."

"काढा?" आईनं पदर खोचला. "रिकामा डबा कोणाच्या घरी धाडत असते का बाई? काय म्हणतीन थे लोकं? नागपूरवाल्याईच्या घरी खायले नाही?"

"आई, थे घर नाही वं, म्युझियम हाय!"

"कोणी त राहत असन ना तिथं?"

बाई डब्याकडे हात नेत, आई डबा मागे ओढे. बाहेर सायकलरिक्षा थांबलेली, पोस्ट बंद व्हायला आलेलं. बाई शेवटी म्हणाल्या, "मग डबा राहू द्या. तीनच पाठवू."

 मला वाटलं, पोरगी आता रडते. पण तिनं सरळ ब्रश उचलला, एक कुरडई काढली आणि भडक गुलाबी ऑइलपेंटनं रंगवून टाकली. मग दुसरी निळी. मग तिसरी.

"अवं, काय करून राहिली? तळतीन कशा त्या?"

"तळाच्या नाहीत. बाई, आता हे खायाचं नाही, चित्र हाय. चालते?"

बाई हसू दाबत खाली बसल्या आणि त्यांनीही एक हिरवी रंगवली. मग आमचा अख्खा वर्ग कुरड्यांवर तुटून पडला. वास सुटला तो ऑइलपेंटचा! ओल्या कुरड्या कागदात गुंडाळून डब्यात भरल्या आणि रिक्षा सुटली.

वर्षभरानं प्रदर्शन संपून डबा परत आला. सोबत फोटो: काचेच्या कपाटात आमचा डबा, पुढ्यात रंगीत कुरड्या मांडलेल्या, आणि तिकडची पोरं नाकं काचेला लावून उभी. आम्ही वर्गात नाचलो.

तिच्या आईनं फोटो पाहिला, मग झाकण उघडलं. कुरड्या जशाच्या तशा.

"एक बी मोडून नाही खाल्ली वं त्याईनं," ती हळहळली. "लाजले असतीन."