बोगद्यातला धूर

गाडी बोगद्यातच थांबली आणि इंजिनाचा धूर बायकांच्या डब्यात भरला. खिडक्या बोगद्याआधी लावायच्या असतात. आम्ही धूर आत आल्यावर घाबरून लावल्या आणि तो आतच कोंडला. मांडीवरचं पोर खोकायचं थांबलं. तांब्यातल्या पाण्यात पदर भिजवून मी त्याच्या नाकावर धरला.

"रडव गं त्याला, चिमटा काढ!" शेजारची ओरडली. तिसऱ्या चिमट्याला ते रडलं.

परवा माझ्या लेकीने, कुसुमने, त्याच बोगद्याचा जुना फोटो मोबाइलवर दाखवला. आगगाडीवेड्यांच्या ग्रुपवर आला होता.

"आई, धूर बघ किती सुंदर!"

"बाहेरून सुंदरच दिसणार, बाई."

फोटो काढणारा नेहमी बाहेर उभा असतो. त्या दिवशी आत मी होते, आणि मांडीवर ही कुसुम.